घुगरे साहेब ज्या भाषेत परत आले

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी खोली मधल्या मजल्यावर होती. खाली औषधांचं दुकान, वर बँकेच्या परीक्षांचे क्लास. दारावर पाटी होती, 'वाणी व भाषा उपचार'. या पाटीनं मला आयुष्यभर छळलं. निम्म्या लोकांना वाटायचं, वाणी हे माझं आडनाव आहे. "वाणी मॅडम हायत काय?" असं विचारतच ते आत यायचे, आणि मीही पुढं पुढं दुरुस्त करणं सोडून दिलं. उरलेले निम्मे वरच्या क्लासला जाता जाता डोकावायचे आणि इंग्लिश स्पीकिंगची बॅच किती वाजता असते ते विचारायचे.

मी स्पीच थेरपिस्ट. ज्यांचं बोलणं आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासून अडलेलं असतं, त्यांच्यासोबत बसून ते मोकळं करायचा प्रयत्न करायचा, हा माझा धंदा. औषध नाही, इंजेक्शन नाही. त्यामुळं पेशंटच्या नातेवाइकांचा माझ्यावर फारसा विश्वास नसायचा. "नुसतं बोलत बसायचं? ते काय, आमी घरात बी बोलतोय की," असं एका बाईंनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. त्यांचं चुकलंही नव्हतं.

पेशंट नाना तऱ्हेचे. एका वकिलांचा आवाज बसला होता. मी त्यांना आठवडाभर पूर्ण मौन सांगितलं, तर त्यांची बायको मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "मॅडम, अजून आठवडा वाढवता येईल का?" एक एसटीचे निवृत्त कंडक्टर होते. पक्षाघातानंतर त्यांच्याकडं एकच वाक्य उरलं होतं, "पुढं सरका." भूक लागली तरी "पुढं सरका," नातू पास झाला तरी "पुढं सरका." पण त्या दोन शब्दांत ते इतके सूर लावायचे की त्यांच्या घरात कुणाचं काही अडायचं नाही.

लोकांना वाटतं, पक्षाघातात माणूस शब्द विसरतो. तसं सहसा होत नाही. घाटात दरड कोसळली की पलीकडची गावं नाहीशी होत नाहीत, एसटी तिथं पोचत नाही इतकंच. शब्द आत असतात, वाट बुजलेली असते. कुठली वाट उघडी राहिलीय ते शोधायचं आणि तिच्यावरून ये-जा सुरू करायची, एवढंच आमच्या हातात. सगळी गावं पुन्हा जोडली जातील असं वचन मी कधी कुणाला दिलं नाही.

आता खोली कायमची बंद केल्यावर कुणी या कामाबद्दल विचारलं, की मला पहिल्यांदा घुगरे साहेब आठवतात.

मल्लिकार्जुन घुगरे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतायच्या कारखान्यातून, ते इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. निवृत्तीनंतर कळंब्याला तलावाच्या बाजूला छोटं घर बांधून राहिले होते. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. माझ्याकडं आणलं तेव्हा काठी टेकत, एक पाय ओढत ते चालू लागले होते, पण बोलत नव्हते.

सोबत पत्नी सुनंदाताई आणि मुलगी संगीता. संगीता बँकेत नोकरीला. खुर्चीवर बसल्या बसल्या तीच बोलायला लागली. "मॅडम, आमच्या आण्णांना बोलतं करा. आमच्या घरात सगळं आण्णाच करायचे हो. आईला टायफॉइड झाला होता तेव्हा माझ्या वेण्यासुद्धा त्यांनीच घातल्या. इतक्या घट्ट, की दोन दिवस सुटायच्या नाहीत. शाळेत बाईंनी विचारलं, वेणी कुणी घातली? म्हटलं, फौंड्रीत घातली."

साहेबांनी मान हलवली. समजत होतं त्यांना. ओठ थरथरले आणि काहीतरी पुटपुटले.

"असं निरर्थक बडबडतात," सुनंदाताई चटकन म्हणाल्या. "दवाखान्यातसुद्धा असंच चाललं होतं."

मी पुढं वाकले. साहेब पुन्हा पुटपुटले. अडखळत, पण नीट.

"नीर."

माझं शिक्षण मैसूरला झालेलं. तीस-पस्तीस वर्षांत माझं कन्नड गंजून गेलं होतं, तरी बसस्टँडवर आणि खाणावळीत शिकलेले शब्द माणूस विसरत नाही. मी माठातलं पाणी ग्लासात भरून त्यांच्या डाव्या हातात दिलं. ते घटाघटा प्यायले.

संगीता माझ्याकडं बघतच राहिली. "म्हणजे आण्णा कन्नड बोलतायत?"

मी सुनंदाताईंकडं पाहिलं. त्या पदराच्या काठाशी चाळा करत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"सासरी चार शब्द कानावर पडलेत माझ्या," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही मराठीच आणा, मॅडम. आम्ही घरात मराठी बोलतो."

दोन भाषा असलेल्या माणसाच्या मेंदूला इजा झाली, तर कुठली भाषा आधी परत येईल ते सांगता येत नाही. कुणाची रोजची येते, कुणाची लहानपणीची. कधी दोन्ही येतात, कधी एकच. साहेबांचं शिक्षण, नोकरी, संसार सगळं मराठीत झालेलं. आईच्या मांडीवर शिकलेलं कन्नड मात्र जागेवर राहिलं होतं. मी हे सुनंदाताईंना समजावलं. घरात कुणी कन्नड बोलणारं असेल तर फार बरं होईल, असंही म्हटलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

मग आम्ही मराठीच्या मागं लागलो. मी चित्रं दाखवायचे. कप, किल्ली, छत्री. साहेब चित्राकडं बघायचे, त्यांना वस्तू ओळखू यायची, ओठ तयार व्हायचे आणि तिथंच अडायचे. सुनंदाताई शेजारी बसून मदत करायला बघायच्या. "अहो, छत्री. छ... छ..." साहेबांच्या कपाळावर घाम यायचा. एकदा त्यांनी चित्रांचा गठ्ठा डाव्या हातानं भिरकावून दिला. सुनंदाताई खाली बसून एकेक चित्र गोळा करू लागल्या, तर साहेबही काठी सोडून खाली वाकायला गेले. त्यांना वाकता येईना. आम्ही दोघींनी धरलं म्हणून पडले नाहीत. त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी बायकोचा खांदा सोडला नाही.

कामाच्या आठवणी पुष्कळदा बंद वाट उघडतात. म्हणून मी संगीताला म्हटलं, कारखान्यातलं कुणी जवळचं असेल तर बोलवा. आले रंगराव. भट्टीवर पंचवीस-तीस वर्षं काम केलेले, साहेबांच्याच हाताखाली. आले ते पिशवीतून पेरू घेऊन.

"सायेब, वळीखलासा का?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की वरच्या क्लासमधल्या पोरांनी ऐकलं असेल. "मी रंगराव. कसं हायसा?"

साहेबांनी डावा हात पुढं केला. रंगरावांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि मग काय बोलावं ते न कळून कारखान्याच्या गोष्टी सांगत सुटले. कोण निवृत्त झालं, कुणाच्या पोरीचं लग्न झालं. साहेब ऐकत होते.

"आनि परवा काय झालं म्हायत्ये का सायेब? एका नव्या गड्यानं ओल्या साच्यात रस ओतला की!"

रस म्हणजे वितळलेलं लोखंड. साचा जरासा ओला राहिला तरी आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन लोखंड बंदुकीच्या गोळीसारखं अंगावर उडतं. फौंड्रीत यापेक्षा मोठी चूक नाही. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी एवढंच पाहिलं की साहेब खुर्चीतून अर्धे उठले, चेहरा लालबुंद झाला आणि त्यांच्या तोंडातून खणखणीत आवाजात निघालं,

"आरं ए भाड्या! मरतील की रं पोरं!"

मग रंगराव म्हणाले, "न्हाय सायेब, कुनाला काय झालं न्हाय. गडी बाजूला हुता." आणि एकदम रडायला लागले.

सुनंदाताई मात्र तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. "हे... हे असं बोलता तुम्ही कारखान्यात?"

"वैनी," डोळे पुसत रंगराव म्हणाले, "हे तर सायेबांचं मऊ बोलणं हाय."

त्या हसायला लागल्या. साहेबही हसले. मी त्यांना तेच शब्द पुन्हा म्हणायला सांगितले, एकेक करून, सावकाश. एकही आला नाही. शिव्या, आकडे, पाठ असलेली प्रार्थना हे सगळं वेगळ्या दारानं बाहेर येतं. रागाच्या भरात आलेला शब्द मागून मिळत नाही. पण त्या दिवशी सुनंदाताई घरी गेल्या त्या, मराठी आत आहे, एक ना एक दिवस येणार, हे मनाशी घट्ट धरून.

आणि पंधरवड्यातच त्यांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. "मॅडम, मराठी आली! सकाळपासून 'काल', 'काल' म्हणतायत. स्पष्ट! मी म्हटलं, काल काय झालं? काल कोण आलं होतं? तर पुन्हा 'काल'च म्हणतात."

मलाही आनंद झाला. दोन दिवसांनी त्यांची वेळ होतीच, तेव्हा बघू म्हटलं.

दोन दिवसांनी साहेब आले ते जिन्यात दोनदा थांबून. खुर्चीत बसले आणि सुनंदाताई कौतुकानं म्हणाल्या, "म्हणा ना, मॅडमना म्हणून दाखवा." साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चेहऱ्यावर घाम होता. डावा हात उचलून त्यांनी आपल्या उजव्या पायावर ठेवला.

"काल," ते म्हणाले. "काल. काल."

मी खाली वाकून त्यांच्या पायाकडं पाहिलं. कन्नडमध्ये काल म्हणजे पाय.

लुळा पाय चालताना वळू नये म्हणून त्यांना प्लास्टिकचा आधार दिलेला होता, बुटाच्या आत बसणारा. मी तो काढला, मोजा उतरवला. टाचेच्या वर आधाराची कड घासून खोल जखम झाली होती. मोजा चिकटला होता. साहेबांना मधुमेह होता.

तसंच त्यांना दवाखान्यात हलवलं. पाय वाचला, पण काही दिवस सगळ्यांच्या जिवाला घोर होता. मी भेटायला गेले तेव्हा सुनंदाताई कॉटशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. साहेब झोपले होते.

"मी त्यांना कालचं सगळं सांगत बसले हो," त्या म्हणाल्या. "काल भाजीला काय केलं, काल संगीताचा फोन आला, काल शेजारच्यांची गाय सुटली. शेजारी बसून हौसेनं सांगत होते. आणि ते पाय म्हणत होते."

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. बोलणं हा माझा धंदा असला तरी कधी बोलू नये तेही त्यात येतं.

मग त्याच सांगू लागल्या. माहेर त्यांचं कराडचं. लिंगायतच, पण घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. लग्न होऊन सासरी गेल्या तर तिथं सगळं कन्नड. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात सासू आणि मोठी नणंद गंगाक्का काहीतरी बोलून खळखळून हसल्या. नव्या नवरीला वाटलं, आपल्यालाच हसतायत. ती घरामागच्या परड्यात जाऊन रडली. साहेबांनी पाहिलं. कुणावर रागावले नाहीत, चौकशी केली नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर आईला मराठीत म्हणाले, "अव्वा, भाकरी वाढ." आई बघतच राहिली. तेव्हापासून सुनंदाताई जिथं असतील तिथं साहेबांनी कन्नडचा एक शब्द उच्चारला नाही. आईशी नाही, बहिणीशी नाही. आई आजारी होती तेव्हाही, सुनंदाताई खोलीत आल्या की मुलगा मध्येच मराठीवर यायचा.

"मी कधी मागितलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "पण मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? गंगाक्कांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. हिनं माझ्या भावाची जीभ बांधली, असं सगळ्या भावकीत सांगत फिरल्या. कार्याशिवाय आमच्या घरी आल्या नाहीत. आणि आता यांनी कन्नडमध्ये पहिला शब्द काढला ना, तेव्हा मला वाटलं, हे गेले परत तिकडं. मी पुन्हा परड्यात."

साहेबांच्या पायाला बँडेज होतं. त्या त्याच्यावरून चादर सारखी करत राहिल्या. मग पिशवीतून मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

"चष्मा घरी राहिलाय. त्यात अक्कांचा नंबर असेल, लावून द्या."

मी लावून दिला. पलीकडून कुणीतरी ओरडून "हॅलो" म्हटलं. सुनंदाताई म्हणाल्या, "अक्का, मी सुनंदा. तुमचा भाऊ बोलतोय, पण मला कळत नाही. तुम्ही याल का?" एवढं म्हणून त्या थांबल्या. पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. सुनंदाताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "गाडी कुठली मिळती ते बघते म्हणाल्या."

साहेब पुन्हा माझ्या खोलीवर येऊ लागले तेव्हा सोबत गंगाक्का होत्या. ऐंशीच्या घरातल्या, काठीलाही न जुमानणाऱ्या. गळ्यात लिंग, कपाळभर विभूती, आवाज रानात हाक मारावी तसा. खोलीत शिरताच माझी सगळी चित्रं बघून म्हणाल्या, "ह्ये काय पोरांचं? छत्री बगून त्यो बोलंल व्हय?" आणि भावापुढं खुर्ची ओढून कन्नडमध्ये सुरू झाल्या. गावची विहीर, चिंचेचं झाड, शाळेचे मास्तर, वडिलांनी विकलेला बैल. साहेब ऐकत होते, आणि बघता बघता बोलू लागले. तुटक, मध्येच शब्द शोधत, पण वाक्यं! महिनोन्‌महिने जो माणूस एकेका शब्दासाठी घामाघूम व्हायचा, तो बहिणीशी बैलाच्या रंगावरून वाद घालत होता. वाद घालता घालता त्यांना रडू आलं.

"तम्मा, याक अळती?" अक्का म्हणाल्या. बाळा, रडतोस कशाला?

सुनंदाताई दाराशी उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन. आत यावं की नाही, अशा. अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. अक्कांनी शेजारच्या स्टुलावर हात आपटला.

"कुंद्र," त्या म्हणाल्या.

सुनंदाताईंना कळेना. अक्कांनी पुन्हा स्टूल बडवलं. "कुंद्र म्हंजे बस गं. शिकायचं हाय न्हवं? मग बस की."

त्या बसल्या. वयाच्या पासष्टीनंतर एक बाई नवऱ्याची भाषा शिकायला बसली, आणि शिकवायला ती नणंद, जिच्या हसण्यापायी हे सगळं सुरू झालं होतं. त्या हसण्याचा विषय पुढं कधीतरी निघालाच. अक्कांनी डोकं खाजवलं. "आमी कशाला हसलो हुतो, ते कुनाला आठवतंय आता? तुला नसंल हसलो. हसलो बी असू." यापलीकडं खुलासा झाला नाही. सुनंदाताईंनीही मागितला नाही.

अक्का आठवड्यासाठी आल्या होत्या, त्या कळंब्यालाच राहिल्या. मी माझ्या पद्धतीनं दोघींना वाटा दाखवत होते. छोटी वाक्यं बोला, त्यांना वेळ द्या, शब्द तोंडातून काढून घेऊ नका. पण खरं काम त्या घरात चाललं होतं. बऱ्याचदा मीच तिकडं जायचे. साहेब ओट्यावर बसलेले, तलावावरून वारा येतोय, आणि आतून सुनंदाताईंचं कराडी वळणाचं कन्नड ऐकू येतंय.

साहेब त्यांच्या चुका काढायचे! इंजिनीअरच ते, चुकीचं काही पुढं जाऊ देतील तर शपथ. शब्द चुकला की बोट वर करायचे आणि बरोबर शब्द म्हणून दाखवायचे. ज्या माणसाला बोलता यावं म्हणून आम्ही धडपडत होतो, तोच आता शिकवत होता. यापेक्षा चांगला व्यायाम मी त्यांना देऊ शकले नसते.

एकदा मी गेले होते तेव्हा सुनंदाताई दुधाचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हल्ल बेकेन?"

दूध म्हणजे हाल. हल्ल म्हणजे दात. दात पाहिजेत का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. अक्का आतून खदाखदा हसल्या. या वेळी खरंच सुनंदाताईंनाच. साहेबांनी बोट वर केलं नाही. त्यांनी तोंड उघडलं, डाव्या हाताच्या बोटानं आपल्या दातांवर टकटक केलं आणि म्हणाले,

"आहेत की!"

मराठीत. सुनंदाताईंच्या हातातलं दूध सांडलं. त्या तशाच ओल्या साडीनं त्यांच्या पायाशी बसल्या, आणि ते हसत राहिले.

मराठी पूर्ण परत आली का? नाही. काही शब्द आले, काही वाक्यांचे तुकडे. 'छत्री' हा शब्द त्यांना शेवटपर्यंत आला नाही, याची मला थोडी रुखरुख आहे, कारण कळंब्याला पाऊस भरपूर आणि माझी मेहनतही भरपूर. पण घरात एक खिचडी भाषा तयार झाली. क्रियापद कन्नड, नाम मराठी, मध्येच रंगरावांसाठी राखून ठेवलेली एखादी शिवी. संगीताची मुलंसुद्धा ती बोलायला लागली.

एव्हाना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. त्या भागातल्या कन्नडमध्ये मोठ्या माणसाला मान द्यायचा तर शब्दाच्या शेवटी 'री' लावतात. 'बा' म्हणजे ये, 'बर्री' म्हणजे या. बायको नवऱ्याशी बोलताना तर 'री' हवाच. पण सुनंदाताई सगळं शिकल्या होत्या अक्कांकडून, आणि अक्का धाकट्या भावाशी जसं बोलायच्या तसंच. त्यामुळं आयुष्यभर "अहो" म्हणणारी ही बाई, "अहो, येता का" म्हणण्याऐवजी कन्नडमध्ये नवऱ्याला बिनदिक्कत "इल्ली बा" म्हणायची. ये इकडं. जेव. झोप आता. किती हट्टी आहेस रे! आणि प्रत्येक चुकीवर बोट उचलणारे साहेब या एका चुकीवर कधी बोट उचलत नव्हते. हाक ऐकली की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की मी गप्प बसायचे. अक्काही पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायच्या.

अशी दोनेक वर्षं मिळाली त्यांना. त्या काळात साहेबांनी बायकोला असं पुष्कळ सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचले ते. कॉलेजला पहिल्यांदा कोल्हापुरात आले तेव्हा मराठीत कानडी हेल यायचा म्हणून पोरं हसायची, ते. "आम्ही एकमेकांना सगळं सांगून झालंय, असं मला वाटायचं," सुनंदाताई मला म्हणाल्या होत्या. "पण हे सगळं कन्नडमध्ये ठेवलेलं होतं."

गेल्या थंडीत साहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कार्य उरकल्यावर मी कळंब्याला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर ती पांगली. रंगराव अंगणात खुर्च्या एकावर एक रचत होते. आत अक्का आणि सुनंदाताई शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि अक्का त्यांना कन्नडमध्ये रागावत होत्या, दोन घास खा म्हणून. सुनंदाताई त्यांना तेवढ्याच जोरात उलट उत्तर देत होत्या.

निघताना सुनंदाताई फाटकापर्यंत आल्या. माझ्या मनात ते इतके दिवस होतं, म्हणून मी म्हणाले, "ताई, एक सांगू का? तुम्ही साहेबांशी कन्नडमध्ये बोलायचात ना, ते सगळं..."

"अरेतुरे होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अक्कांनी पहिल्याच दिवाळीत सांगितलं मला. त्यांनाच राहवेना. मला इतकी लाज वाटली! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले आणि नीट म्हटलं, बर्री, कुंद्री. मान देऊन, सगळं." त्यांनी डोळे पुसले, पण त्या हसत होत्या. "तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'री ब्याड.' री नको."